विद्युत् प्रणालीची विश्वसनीयता

विद्युत् निर्मिती केंद्रे, प्रेषण मार्ग, उपकेंद्रे व वितरण वाहिन्या यांची मिळून बनलेली प्रणाली ग्राहकाला त्याच्या गरजेच्या वेळी, योग्य दाबाची व योग्य कंप्रतेची (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येची) वीज कितपत सातत्याने पुरवू शकेल याचे संख्यात्मक माप म्हणजे त्या प्रणालीची विश्वसनीयता होय. कोणतेही यंत्र केव्हा बंद पडेल, उद्याची मागणी किती असेल, पाऊस किती पडेल व वारा किती वाहील हे अगोदर निश्चितपणे सांगता येत नाही. त्यामुळे विश्वसनीयतेचा अभ्यास हा मुख्यतः अनिश्चिततेचा अभ्यास असून त्याचे प्रमुख साधन संभाव्यता सिद्धांत हे आहे.

विजेचे वैशिष्ट्य असे की, ती मोठ्या प्रमाणावर साठविणे अवघड व खर्चिक असल्याने बहुतांशी ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरली जाते. धान्याच्या कोठारात तूट आली, तर ती काही दिवसांनी जाणवते. विजेतील तूट काही सेकंदांतच कंप्रता घटण्याच्या रूपाने प्रकट होते. म्हणून प्रणालीत नेहमी काही क्षमता राखीव ठेवावी लागते. राखीव क्षमता फार ठेवली, तर भांडवल अडकून वीज महाग होते. कमी ठेवली, तर वारंवार पुरवठा खंडित होतो. शंभर टक्के विश्वसनीयता कोणत्याही खर्चात मिळत नाही. किती विश्वसनीयता किती खर्चात मिळवावयाची आणि उरलेल्या अविश्वसनीयतेचा भार कोणी सोसावयाचा, हे या शास्त्रामागील मूळ प्रश्न होत.

प्रस्तुत नोंदीत प्रथम निर्मिती, नंतर प्रेषण व शेवटी वितरण या क्रमाने विवेचन केले आहे. प्रणालीच्या अखेरच्या टोकावरील परिस्थिती स्पष्ट करण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव या गावाचे उदाहरण घेतले असून तुटवड्याच्या विवेचनासाठी मराठवाड्यातील वीज केंद्रांचा आधार घेतला आहे.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या काळात राखीव क्षमता ठोकताळ्याने ठरविली जाई. कमाल मागणीच्या काही ठराविक टक्के, अथवा प्रणालीतील सर्वांत मोठ्या संचाइतकी क्षमता राखीव ठेवण्याचा प्रघात होता. या नियमांत संचांची संख्या, त्यांचे आकारमान व बिघाडांचे प्रमाण यांचा विचार नसे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत या प्रश्नाला संभाव्यता सिद्धांत लावण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९४७ मध्ये जी. कॅलाब्रीझ यांनी राखीव क्षमता संभाव्यतेच्या आधारे ठरविण्याची पद्धती मांडली आणि पुढील संशोधनाचा पाया घातला गेला. १९६६ मध्ये एल्. एल्. गार्व्हर यांनी नव्या संचामुळे प्रणाली प्रत्यक्षात किती अधिक भार पेलू शकेल हे काढण्याची रीत दिली. कॅनडातील सस्कॅचेवन विद्यापीठातील रॉय बिलिंटन यांचा या विषयावरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी रॉनल्ड ॲलन यांच्यासमवेत लिहिलेला १९८४ मधील ग्रंथ अनेक देशांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. निरनिराळ्या संशोधकांना आपापल्या पद्धतींची तुलना करता यावी म्हणून १९७९ मध्ये ३२ संच, ३,४०५ मेगावॉट स्थापित क्षमता व २,८५० मेगावॉट कमाल मागणी असलेली एक काल्पनिक चाचणी प्रणाली अमेरिकेत प्रसिद्ध करण्यात आली. भारतात खरगपूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८३ साली विश्वसनीयता अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले.

अभ्यासाच्या सोयीसाठी प्रणालीचे तीन स्तर कल्पिले जातात. पहिल्या स्तरात फक्त निर्मिती केंद्रांचा, दुसऱ्यात निर्मिती व प्रेषण यांचा एकत्रित आणि तिसऱ्यात वितरणासह संपूर्ण प्रणालीचा विचार होतो. स्तर जसजसा वाढतो तसतसे गणित अतिशय गुंतागुंतीचे होत जाते. यामुळे संशोधनाचा मोठा भाग पहिल्या दोन स्तरांवर केंद्रित झाला. ग्राहकाला जाणवणारे बहुसंख्य खंड मात्र वितरण जालात उद्भवतात, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

निर्मितीची पर्याप्तता : एखादा संच अनपेक्षित बिघाडामुळे बंद असण्याची संभाव्यता दीर्घ काळच्या नोंदींवरून काढतात. समजा, एका प्रणालीत प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच असून प्रत्येक संच बंद असण्याची संभाव्यता ०·०५ आहे. तिन्ही संच चालू असण्याची संभाव्यता ०·८५७३७५, नेमका एक बंद असण्याची ०·१३५३७५, दोन बंद असण्याची ०·००७१२५ व तिन्ही बंद असण्याची ०·०००१२५ येते. मागणी सतत ५०० मेगावॉट असेल, तर दोन किंवा तीन संच बंद पडल्यावरच तुटवडा होईल. त्याची संभाव्यता ०·००७२५ आहे. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सरासरी सु. ६४ तास तुटवड्याचे असतील. या आकड्याला तुटवड्याची संभाव्यता असे म्हणतात. तुटवडा किती खोल आहे हे त्यातून कळत नाही. म्हणून न पुरविलेली अपेक्षित ऊर्जा हे दुसरे माप वापरतात. वरील उदाहरणात ती वर्षाला सु. १·६२ कोटी युनिट, म्हणजे एकूण गरजेच्या सु. ०·३७ टक्के येते.

याच प्रणालीत मागणी ५०० वरून ५५० मेगावॉट झाली, तर एक संच बंद पडताच तुटवडा होईल आणि तुटवड्याचे तास ६४ वरून सु. १,२४९ वर जातील. मागणीतील दहा टक्के वाढीने तुटवडा सु. वीसपट होतो. तसेच तीन संचांऐवजी ७५० मेगावॉटचा एकच संच बसविला, तर एकूण क्षमता तीच राहूनही ५०० मेगावॉट मागणीसाठी तुटवड्याचे तास ४३८ होतील. स्थापित क्षमतेच्या आकड्यावरून पुरवठ्याची खात्री का देता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

किती तुटवडा सह्य मानावा याचे निकष देशपरत्वे भिन्न आहेत. उत्तर अमेरिकेत दहा वर्षांत एक दिवस हा निकष दीर्घ काळ रूढ आहे. भारतात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तुटवड्याच्या संभाव्यतेची मर्यादा ०·२ टक्के, म्हणजे वर्षाला सु. १७·५ तास, व न पुरविलेल्या ऊर्जेची मर्यादा ०·०५ टक्के अशी धरली आहे.

परस्परावलंबी बिघाड : वरील गणितात संचांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरले आहे. एका संचाच्या बाष्पित्रातील नळी फुटली म्हणून शेजारच्या संचाचीही फुटते असे नाही, इतपत हे गृहीतक योग्य आहे. तथापि सर्व संचांना एकाच वेळी थांबविणारी कारणेही असतात आणि मराठवाड्याचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत् केंद्राची क्षमता २०१३ मध्ये १,१३० मेगावॉट होती. शीतनासाठी व बाष्पनिर्मितीसाठी त्याला गोदावरीच्या खोऱ्यातून पाणी मिळते. २०१२ च्या अवर्षणानंतर पाणी न उरल्याने फेब्रुवारी २०१३ मध्ये संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. जुलै २०१५ मध्येही पाण्याअभावी ते पुन्हा बंद करावे लागले. यंत्रे सुस्थितीत होती. थांबले होते ते पाणी.

पूर्वीचे उदाहरण पुन्हा घेऊन या घटनेचे महत्त्व मोजता येते. तिन्ही संच स्वतंत्र कारणांनी एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला सरासरी फक्त सु. १·१ तास येतो. आता दर दहा वर्षांत एकदा पाण्याअभावी संपूर्ण केंद्र एक महिना बंद राहते असे मानले, तर केवळ या कारणाने वर्षाला सरासरी ७२ तासांची भर पडते आणि तुटवड्याचे एकूण तास सु. ६४ वरून सु. १३५ होतात. समाईक कारण दुर्लक्षिल्यास अविश्वसनीयता निम्मीच दिसते.

अवर्षणाचा परिणाम एवढ्यावरच थांबत नाही. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचे २२·५ मेगावॉटचे जलविद्युत् केंद्र धरणात पाणी नसेल तेव्हा वीज देऊ शकत नाही. त्याच वेळी भूजल खोल गेल्याने विहिरी व कूपनलिकांवरील पंपांना तेवढ्याच पाण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. अर्थात पुरवठा घटविणारे व मागणी वाढविणारे कारण एकच असू शकते. जलविद्युत् केंद्रांच्या बाबतीत मेगावॉटमधील क्षमतेखेरीज वर्षभरात वापरता येणारे पाणीही मर्यादित असते. कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वार्षिक ६७·५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने तेथील वीजपुरवठा खंडित होऊन मुंबई परिसरातील उद्योगांना त्याची झळ पोचली. एकाच ठिकाणी एकवटलेल्या क्षमतेचा धोका त्या घटनेने दाखवून दिला. परस्परावलंबी घटनांचे गणित करणे हा त्यामुळे संशोधनाचा एक मुख्य विषय झाला आहे.

प्रेषण जालाची सुरक्षितता : पुरेशी निर्मिती असणे ही पर्याप्तता, तर आकस्मिक आघात सोसून प्रणाली टिकून राहणे ही सुरक्षितता होय. परस्परांशी जोडलेल्या जालात एका विभागाची तूट दुसरा विभाग भरून काढतो. परंतु त्याच जोडणीतून बिघाडही पसरू शकतो. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा आँटॅरिओ प्रांत येथील सु. ३ कोटी लोकांचा वीजपुरवठा बंद पडला. एका प्रेषण मार्गाचे अभिचालित्र (बिघाड ओळखून मार्ग तोडण्याची आज्ञा देणारे साधन) प्रत्यक्ष भारापेक्षा कमी मर्यादेवर बसविलेले असल्याने तो मार्ग तुटला, त्याचा भार शेजारच्या मार्गांवर पडला आणि तेही क्रमाने तुटत गेले. या घटनेनंतर कोणताही एक घटक निकामी झाला तरी प्रणाली अबाधित राहिली पाहिजे, हा निकष सर्वत्र दृढ झाला.

भारतात ३० व ३१ जुलै २०१२ रोजी असे प्रसंग ओढवले. दोन्ही दिवशी बीना–ग्वाल्हेर हा ४०० किलोव्होल्टचा प्रेषण मार्ग तुटल्यावर पडझड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तीन विभागीय जाले कोसळून सु. ४८,००० मेगावॉटचा पुरवठा बंद पडला व सु. ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ लागली. महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिम विभागीय जाल यातून वाचले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या मार्गाने दक्षिण विभागही जोडला गेल्यावर संपूर्ण देश एकाच कंप्रतेवर चालणारे एक जाल बनला. मुंबईसाठी, बाहेरील जालात गडबड झाल्यास शहराने तोडून घेऊन स्थानिक केंद्रांवर चालावे, अशी विलगीकरणाची योजना अनेक दशकांपासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी शहराकडे येणारे मार्ग एकामागून एक बंद पडल्यावर ही योजना पुरवठा वाचवू शकली नाही. राखीव साधन गरजेच्या क्षणीच निकामी ठरण्याची शक्यताही गणितात धरावी लागते, हे यावरून दिसते.

या संदर्भात अरुण फडके यांचे कार्य उल्लेखनीय आहे. ग्वाल्हेर येथे १९३८ मध्ये जन्मलेले व खरगपूर येथे शिकलेले फडके अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेत प्राध्यापक होते. दूरदूरच्या उपकेंद्रांतील विद्युत् दाब व प्रवाह यांची परिमाणे आणि कला उपग्रहीय घड्याळाच्या साह्याने एकाच क्षणी मोजणारे उपकरण १९८८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यामुळे विस्तीर्ण जालाची स्थिती जवळजवळ तत्काळ पाहता येऊ लागली. फडके व जेम्स थॉर्प यांनी संरक्षक साधनांतील सुप्त दोषांचाही अभ्यास केला. एरवी लक्षात न येणारा असा दोष जाल तणावाखाली असतानाच प्रकट होतो व पडझड वाढवितो, असे त्यांनी दाखविले. या कार्यासाठी दोघांना २००८ चे बेंजामिन फ्रँक्लिन पदक मिळाले.

वितरण टोकाची विश्वसनीयता : हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने प्रसिद्ध आहे. अशा गावापर्यंत वीज पोचते ती एकामागून एक जोडलेल्या घटकांतून : उच्च दाबाचे उपकेंद्र, ३३ किलोव्होल्टची वाहिनी, ३३/११ किलोव्होल्टचे उपकेंद्र, ११ किलोव्होल्टची वाहिनी, ग्रामीण भागात डीपी या नावाने ओळखले जाणारे वितरण रोहित्र आणि शेवटी लघुदाब तारा. या साखळीतील कोणताही एक दुवा तुटला, तरी पुरवठा बंद होतो. समजा, अशा पाच दुव्यांपैकी प्रत्येकाची उपलब्धता ०·९९८ आहे. म्हणजे प्रत्येक दुवा वर्षात सु. १७·५ तास बंद असतो. पाचही दुवे चालू असण्याची संभाव्यता ०·९९८ चा पाचवा घात म्हणजे सु. ०·९९ येते व ग्राहकाचा पुरवठा वर्षाला सु. ८७ तास बंद राहतो. शहरात एका वाहिनीला दुसरी पर्यायी वाहिनी असते. तशा दोन स्वतंत्र वाहिन्या एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला अवघा सु. दोन मिनिटे येतो. मात्र दोन्ही वाहिन्या एकाच खांबांवरून नेल्या, तर एका वादळात दोन्ही पडतात व स्वतंत्रतेचा लाभ नाहीसा होतो.

खंडाचा एकूण काळ हा बिघाडांची संख्या व प्रत्येक दुरुस्तीस लागणारा वेळ यांच्या गुणाकाराइतका असतो. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाच्या २००५ च्या कृतिमानकांत वितरण रोहित्र नादुरुस्त झाल्यास पुरवठा पूर्ववत् करण्यासाठी शहरी भागात २४, तर ग्रामीण भागात ४८ तासांची मुदत ठेवण्यात आली होती. बिघाडांचे प्रमाण सारखे धरले, तरी केवळ मुदतीतील या फरकाने ग्रामीण ग्राहकाचा अंधाराचा काळ दुप्पट होऊ शकतो.

ग्रामीण वाहिनीवर भाराची अनिश्चितताही वेगळ्या प्रकारची असते. आषाढी वारीनंतर पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची आषाढ वद्य एकादशीस नरसी नामदेव येथे परतवारीची मोठी यात्रा भरते. तिची तिथी ठाऊक असते. त्या दिवशीचा विजेचा भार मात्र केवळ अजमासाने सांगता येतो. कृषिपंपांच्या भाराचे गणित याहून अवघड आहे. कृषी वाहिन्यांवर त्रिकला वीज दिवसा वा रात्री काही ठराविक तासच मिळत आली आहे. रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे टाळण्यासाठी शेतकरी पंपाला ऑटोस्विच बसवितो. वीज येताच वाहिनीवरील असे सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. प्रेरण चलित्र (पंपाची मोटर) सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. सर्व ग्राहकांचे भार एकाच वेळी कमाल नसतात, या गृहीतकावर रोहित्राची क्षमता ठरविलेली असते. ते गृहीतक येथे कोसळते आणि रोहित्र जळते. पुरवठा अविश्वसनीय म्हणून ऑटोस्विच आणि ऑटोस्विचमुळे पुरवठा अधिक अविश्वसनीय असे हे चक्र आहे. ग्राहकाचे वर्तन प्रणालीच्या बाहेरचे मानून केलेल्या गणितात ते दिसून येत नाही. जळालेले रोहित्र बदलून मिळेपर्यंत उभ्या पिकाच्या पाण्याची पाळी चुकते. ही हानी न पुरविलेल्या युनिटांच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक असते.

निर्देशांक व त्यांच्या मर्यादा : वितरणाची विश्वसनीयता मोजण्यासाठी दोन निर्देशांक सर्वत्र रूढ आहेत. ग्राहकामागे वर्षभरातील खंडांची सरासरी संख्या हा पहिला व खंडांचा सरासरी एकूण काळ हा दुसरा. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता दर खंडाचा सरासरी काळ मिळतो. विद्युत् अधिनियम, २००३ अन्वये राज्य आयोगांना कृतिमानके ठरविण्याचा अधिकार मिळाला. महाराष्ट्र आयोगाच्या २००५ च्या विनियमांनी वितरण कंपन्यांवर हे निर्देशांक काढण्याचे बंधन घातले व मानके न पाळल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूद केली.

हे निर्देशांक उपयुक्त असले, तरी ते सरासरीचे आहेत. समजा, एका विभागात दोन वाहिन्या आहेत. शहरी वाहिनीवरील ९,००० ग्राहकांचा पुरवठा वर्षात १० तास, तर ग्रामीण वाहिनीवरील १,००० ग्राहकांचा २०० तास बंद होता. विभागाचा सरासरी आकडा २९ तास येईल. २९ तासांचा खंड प्रत्यक्षात एकाही ग्राहकाने अनुभवलेला नाही, आणि ज्यांनी २०० तास सोसले ते या आकड्यात दिसत नाहीत. शिवाय शहरी वाहिनी १० वरून ५ तासांवर आणल्यास विभागाचा आकडा ४·५ तासांनी सुधारतो; ग्रामीण वाहिनीचे ४५ तास कमी केले तरी तेवढीच सुधारणा होते. शहरी सुधारणेचा खर्च कमी असेल, तर निर्देशांकाच्या आधारे पैसा तिकडेच जाईल. यासाठी प्रत्येक वाहिनीचे आकडे स्वतंत्रपणे पाहणे व सर्वाधिक खंड सोसणाऱ्या ग्राहकांची संख्या मोजणे आवश्यक ठरते.

तुटवड्याच्या वाटपाचा प्रश्नही असाच आहे. निर्मिती अपुरी पडल्यावर कोणाची वीज तोडावयाची हे संभाव्यतेचे गणित सांगत नाही. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या दीर्घ भारनियमनाच्या काळात वीजहानी व बिलवसुली यांच्या प्रमाणानुसार गट पाडून भारनियमनाचे तास ठरविण्यात आले. या निकषामागे आर्थिक शिस्तीचा हेतू होता; पण त्याने एकाच वाहिनीवरील नियमित बिल भरणारा व न भरणारा यांना सारखाच अंधार मिळाला. गावठाण व कृषी वाहिन्या वेगळ्या करण्याच्या योजनेमुळे पंपांवरील मर्यादांतून घरगुती पुरवठा मोकळा होऊ शकला. जालाच्या रचनेत केलेल्या बदलाने विश्वसनीयता सुधारल्याचे हे उदाहरण होय.

अनिश्चिततेचे प्रकार व गणनपद्धती : अनिश्चिततेचे दोन प्रकार मानतात. नाणेफेकीप्रमाणे घटनेच्या स्वरूपातच असलेली ती यादृच्छिक अनिश्चितता. अधिक नोंदी मिळाल्याने ती नाहीशी होत नाही. दुसरी माहितीच्या अभावातून येते व नोंदी वाढल्यावर कमी होते. ग्रामीण वाहिन्यांवरील खंडांच्या नोंदी दीर्घ काळ हाताने ठेवल्या जात असल्याने तेथे दुसऱ्या प्रकारची अनिश्चितता मोठी असते. लहान प्रणालीसाठी सर्व शक्य अवस्था मोजता येतात. परंतु प्रत्येकी दोन अवस्था असलेल्या ३२ संचांच्याच ४०० कोटींहून अधिक अवस्था होतात. अशा वेळी माँटे कार्लो पद्धती वापरतात. तीत संगणकाने यादृच्छिक अंकांच्या साह्याने प्रणालीची हजारो काल्पनिक वर्षे चालवून तुटवडे मोजले जातात. १९७४ मध्ये बार्बरा बोर्कोव्स्का यांनी भार निश्चित नसताना जालातील शक्तिप्रवाह संभाव्यतेच्या रूपात काढण्याची पद्धती मांडली. माहिती अपुरी असेल तेथे संदिग्ध संचांचा सिद्धांत, तसेच सर्वांत प्रतिकूल परिस्थितीसाठी नियोजन करण्याच्या पद्धती यांचाही उपयोग केला जातो.

पवन व सौर ऊर्जेचा वाटा वाढल्यापासून या संशोधनाला नवे महत्त्व आले आहे. औष्णिक संच बहुतांशी चालू वा बंद असतो. पवनचक्क्यांचे व सौर पट्टांचे उत्पादन मात्र सतत बदलते आणि एका परिसरातील सर्व साधनांवर तेच ढग वा तोच वारा परिणाम करतो. म्हणजे परस्परावलंबन हा येथे अपवाद राहत नाही, तर नियमच होतो. त्यामुळे १०० मेगावॉटचे सौर केंद्र १०० मेगावॉटच्या औष्णिक संचाची जागा घेऊ शकत नाही. सूर्यास्तानंतरच्या कमाल मागणीस त्याचा साठवणुकीविना उपयोग शून्य असतो. उलट दिवसा चालवावयाच्या कृषिपंपांच्या भाराशी त्याचा मेळ चांगला बसतो. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामीण उपकेंद्रांजवळ सौर केंद्रे उभारून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट आहे. वीज मागणीच्या जवळ निर्माण झाल्याने प्रेषणाच्या साखळीतील काही दुव्यांवरील अवलंबन कमी होते. तथापि ११ किलोव्होल्टची वाहिनी व रोहित्र हे अखेरचे दुवे तसेच राहतात आणि त्यांची देखभाल तितकीच महत्त्वाची ठरते.

विश्वसनीयतेच्या शास्त्राने ठोकताळ्यांच्या जागी मोजमाप आणले व राखीव क्षमतेवरील खर्चाला तार्किक आधार दिला. त्याचे निष्कर्ष मात्र गृहीतकांइतकेच पक्के असतात. घटनांचे स्वातंत्र्य गृहीत धरले, तर अवर्षण व वादळ दिसत नाही. सरासरी घेतली, तर वाहिनीच्या टोकाचे गाव दिसत नाही. म्हणून निर्मिती केंद्रापाशी काढलेला आकडा ग्राहकाच्या मीटरपाशी पडताळून पाहणे हा या अभ्यासाचा आवश्यक भाग समजला पाहिजे.